विरोधी बाकावरचा खासदार सरकारला धरतो कसा? प्रश्नांच्या फायली सांभाळलेल्या माणसाचं उत्तर

कारदग्याच्या एका पोरानं विचारलंय, थोडक्यात असं, की चिक्कोडीच्या आमच्या खासदार दिल्लीत विरोधी बाकावर, सरकार दुसऱ्यांचं, मतं त्यांच्याकडं, मग हे विरोधी लोक तिथं बोर्ड घेऊन उभं राहणार, माईक बंद केला म्हणून ओरडणार, संसदेच्या मकरद्वारावर येऊन फोटो काढणार, ह्यानं सरकारचं काय वाकडं होतंय काका, आमची ५ वर्षं वायाच की.

मी १९ वर्षं एका विरोधी लोकप्रतिनिधीचं ऑफिस सांभाळलंय, आधी बेंगळूरला ते आमदार असताना, मग दिल्लीला. साहेबांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही आणि त्यांनी काय फार मोठे झेंडेबिंडे लावलेत असंही नाही. माझं काम म्हणजे प्रश्न लिहायचे, नोटिशी द्यायच्या, उत्तरं आली की फायलीला लावायची आणि त्यांच्या मागं लागायचं. आता टिळकवाडीत बसून नातवाला शाळेत सोडतोय. त्यामुळं सांगतोय ते पुस्तकातलं कमी आणि फायलीतलं जास्त आहे.

पहिली गोष्ट तुझी बरोबर आहे, मतदानात विरोधक हरणारच. सरकार म्हणजेच ज्याच्याकडं बहुमत आहे तो. १९६३ साली लोकसभेत पहिल्यांदा अविश्वास ठराव आला, कृपलानींनी आणलेला, नेहरूंच्या सरकारविरुद्ध. बाजूनं ६२ पडली, विरोधात ३४७. म्हणजे हरणं पण कसलं, आपटी की. पण त्याच चर्चेत लोहिया उभे राहिले आणि म्हणाले की ह्या देशातली २७ कोटी माणसं दिवसाला ३ आण्यावर जगायलेत. सरकारकडनं १५ आण्याचा आकडा पुढं केला गेला. आज ६० वर्षांनी ३४७ कुणाला आठवतंय? तीन आणे मात्र अजून लोक बोलतात, कारण त्या दिवसापासनं सरकारला गरिबीवर आकड्यात बोलावं लागलं. माझ्या मते विरोधी माणसाचं सगळं काम ह्यातच आलं, सरकारला जे बोलायचं नसतंय ते सभागृहात, नोंदीवर, आकड्यात बोलायला लावायचं. एकदा का ते छापून आलं की मंत्री बदलला, पक्ष बदलला तरी तो कागद कुठं जात नाही.

आता हे जमतं कसं ते सांगतो, आणि आमची फजिती आधी सांगतो कारण त्यातनंच शिकलो.

ऊसबिलाचा प्रश्न. आपल्याकडं ह्याच्यापेक्षा मोठा प्रश्न कुठला. साहेब नवीन खासदार झालेले, मी पण दिल्लीत नवीन, दोघांनी मिळून जोरात प्रश्न लिहिला. अ, सीमाभागातले ऊस उत्पादक शेतकरी कारखान्यांच्या मनमानीमुळं हवालदिल झालेत हे सरकारला माहीत आहे काय. ब, असल्यास सरकार काय करणार आहे. क, नसल्यास का नाही. लिहून झाल्यावर आम्ही दोघांनी चहा मागवला, इतका आनंद. आधी तर सचिवालयानं 'मनमानी' आणि 'हवालदिल' दोन्ही शब्द कापले, कारण नियमात प्रश्नात युक्तिवाद, टोमणे, आरोप, विशेषणं काही चालत नाही, आणि सगळा प्रश्न १५० शब्दांत बसवायचा. मग अतारांकित म्हणून, म्हणजे नुसतं लेखी, उत्तर आलं, दीड ओळ. अ, असा कुठलाही अहवाल सरकारकडे आलेला नाही. ब आणि क, प्रश्न उद्भवत नाही.

'प्रश्न उद्भवत नाही'. हे तीन शब्द मी नंतर इतक्या वेळा वाचलेत की झोपेत पण दिसायचे. चूक सरकारची नव्हती, आमची होती. 'माहीत आहे काय' असं विचारलं की 'नाही' म्हणायची वाट आपणच बांधून दिली, आणि ब आणि क हे अ च्या शेपटीला बांधलेले, अ पडला की सगळी गाडी खड्ड्यात. गावात आम्ही सांगून आलेलो की दिल्लीत प्रश्न लावलाय म्हणून. संकेश्वरला एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तो कागद हातात घेतला, उलटा करून मागं बघितलं, आणि म्हणाला एवढंच व्हय.

त्या बाबतीत एक जुना सेक्शनमधला माणूस भेटला, मल्याळी होता, रिटायर व्हायला आलेला, त्यानं एकच सांगितलं की सरकारला मत विचारू नका, रजिस्टर विचारा. म्हणजे जे सरकारच्या वहीत असायलाच पाहिजे, कायद्यानं, ते मागा. मग आम्ही १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश काढून वाचला. त्यात स्वच्छ लिहिलंय की ऊस घातल्यापासनं १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. हे आमच्याकडच्या शंभरातल्या नव्वद शेतकऱ्यांना माहीत नसतंय, आणि ज्यांना माहीत असतंय ते मागायला जात नाहीत कारण पुढच्या वर्षी तोडणीची टोळी वेळेवर नाही आली तर काय करायचं.

दुसरा प्रश्न असा लिहिला. अ, गेल्या ३ गाळप हंगामांत कर्नाटकात १४ दिवसांच्या मुदतीनंतर दिलेली एफआरपीची (केंद्र ठरवतं तो उसाचा किमान दर) रक्कम, हंगामवार, कारखानावार. ब, त्या उशिरावर आदेशाप्रमाणं द्यायचं व्याज किती झालं आणि त्यातलं किती दिलं. क, व्याज न देणाऱ्यांवर केलेली कारवाई, तारखेसह. बघ, ह्यात 'काय' नाही, 'का' नाही, एकही विशेषण नाही. तिन्ही भाग आपापल्या पायावर उभे. ह्याला 'प्रश्न उद्भवत नाही' म्हणता येत नाही.

आणि नशीब बघ, तो तारांकित निघाला. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न घेतात, म्हणजे ज्यांचं उत्तर मंत्र्यानं उभं राहून द्यायचं, आणि २३० अतारांकित, त्यांचं नुसतं लेखी. कुणाचा कितवा हे चिठ्ठ्या टाकून ठरतं, किमान १५ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ११ ते १२ हा प्रश्नोत्तराचा तास. पण २० प्रश्न काही तासात होत नाहीत, बऱ्याच वेळा चार-पाच झाले की घड्याळात १२ वाजतात, म्हणून पहिल्या पाचात नंबर लागणं म्हणजे लॉटरी. आमचा पाचवा.

११ वाजून ४३ मिनिटांनी पुकारा झाला. मंत्री उभे राहिले, निवेदन पटलावर ठेवलंय म्हणून बसले. आता मूळ प्रश्नकर्त्याला दोन उपप्रश्न मिळतात, आणि खरी कुस्ती तिथंच आहे, कारण लेखी उत्तर अधिकारी आठवडाभर बसून लिहितात पण उपप्रश्नाला मंत्र्याला जागेवर बोलावं लागतं. साहेबांनी पहिल्या उपप्रश्नात काय केलं, तर भाषण. आपले वडील बैलगाडीनं ऊस न्यायचे इथपासनं सुरू. मी वर गॅलरीत बसून कपाळाला हात लावलेला. अध्यक्ष म्हणाले प्रश्न विचारा, प्रश्न विचारा, तेवढ्यात वेळ गेली, मंत्र्यानं सरकार शेतकऱ्यांसाठी कटिबद्ध आहे म्हणून गुळगुळीत उत्तर दिलं. दुसऱ्याला मात्र साहेबांनी आम्ही घोकून घेतलेलं एकच वाक्य टाकलं, की कर्नाटकातल्या एका तरी शेतकऱ्याला ह्या ३ वर्षांत १५ टक्क्यानं व्याज मिळालं का, मिळालं असेल तर किती रुपये.

सभागृहात अधिकाऱ्यांची एक गॅलरी असते, तिथनं मंत्र्याकडं चिठ्ठ्या जातात. मी बघितलं, एक चिठ्ठी निघाली, मंत्र्यानं वाचली, परत मागं बघितलं, दुसरी निघाली. मग मंत्री म्हणाले की व्याजाची माहिती राज्य सरकारकडनं मागवतो आणि सभागृहाला देतो.

लोकांना वाटलं टाळलं. मला उड्या मारायचं बाकी होतं. कारण 'माहिती गोळा करून पटलावर ठेवू' असं मंत्री बोलला की ते नियमाप्रमाणं आश्वासन धरलं जातं, त्याची नोंद होते, ३ महिन्यांत ते पुरं करायचं असतं आणि नाही केलं तर सरकारी आश्वासन समिती त्या खात्याला बोलावून विचारते. ही समिती कुठल्या पेपरात येत नाही, तिथं कॅमेरा नाही, दंगा नाही. पण खात्यातले अधिकारी टीव्हीवरच्या ओरडण्यापेक्षा ह्या समितीच्या पत्राला जास्त घाबरतात हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ३ महिन्यांचे बरेच जास्त झाले, मुदतवाढ मागितली, मी दर महिन्याला एक पत्र टाकत राहिलो, शेवटी यादी आली. मुद्दलाचे आकडे होते, व्याजाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी आडवी रेघ.

ती आडवी रेघ घेऊन आम्ही बेळगावात डीसी ऑफिसला गेलो, सोबत पंधरा-वीस शेतकरी. एका कारखान्याचं नाव घेत नाही, त्यांच्याकडं आदल्या हंगामाचं बिल अडकलेलं. थकलेलं बिल जमीन महसुलाच्या थकबाकीसारखं वसूल करायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना असतोच, पण नुसतं निवेदन दिलं की 'बघतो' म्हणतात, लोकसभेच्या पटलावरचा कागद पुढं ठेवला की 'बघतो' म्हणायच्या आधी जरा कागद वाचतात. दिवाळीच्या आधी मुद्दल जमा झालं. व्याज? नाही मिळालं. आजपर्यंत नाही. खोटं कशाला सांगू, विरोधी खासदाराच्या प्रश्नानं जे होतं ते एवढंच होतं, अर्धं. पण तो संकेश्वरचा म्हातारा परत भेटला तेव्हा यादीचा झेरॉक्स मागून घेतला, आणि त्या गावातल्या पोरांनी पुढच्या हंगामापासनं वजनाच्या पावत्या जपून ठेवायला सुरुवात केली.

आता आपल्या भागाची वेगळी गंमत. इथं बघ, कुठला पक्ष पूर्ण विरोधी नाही आणि पूर्ण सत्तेत पण नाही. तुझ्या चिक्कोडीच्या खासदार दिल्लीत विरोधी, पण बेंगळूरला त्यांच्याच पक्षाचं सरकार. बेळगावचे खासदार दिल्लीत सत्तेत, त्यांचा पक्ष बेंगळूरला विरोधी बाकावर. खानापूर आणि कित्तूर तर लोकसभेला कारवार साइडला जोडलेलं, त्यांचा खासदार शोधायला घाट उतरायला लागतो. त्यामुळं चेंडू टोलवायला दोघांना मोकळं रान. उसाचं विचारलं तर दिल्ली म्हणते एफआरपी आम्ही ठरवतो पण वसुली राज्याची. बेंगळूर म्हणतंय दर केंद्राचा, साखरेची विक्री किंमत केंद्राची, आम्ही काय करणार. कळसा-भांडुऱ्याचं, म्हणजे म्हादईच्या पाण्याच्या वादाचं, पण तेच, लवादानं २०१८ ला निकाल दिला, २०२० च्या फेब्रुवारीत गॅझेट झालं, आणि कणकुंबीचा माणूस अजून तिन्ही राज्यांच्या पुढाऱ्यांची भाषणं ऐकायलाय. पूर आला, २०१९ ला कसा आलेला तुला आठवत असेल, की मदत राज्याच्या आपत्ती निधीतनं (एसडीआरएफ) का केंद्राच्या (एनडीआरएफ) ह्यावरच महिना जातो.

ह्याच्यावर आम्ही एक युक्ती करायचो, आणि तुझ्या खासदारांच्या ऑफिसला कुणी सांगत असेल तर सांग. डिसेंबरात लोकसभेचं हिवाळी अधिवेशन चालू असतंय आणि त्याच सुमाराला आपल्या बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधानसभेचं. एकच प्रश्न एकाच आठवड्यात दोन्हीकडं लावायचा. इकडं एखादा ओळखीचा आमदार, पक्ष कुठला का असेना, आणि तिकडं खासदार. दिल्लीचं उत्तर 'ही माहिती राज्याकडे आहे', इकडचं उत्तर 'ही बाब केंद्राच्या अखत्यारीत', दोन्ही कागद एकाला एक टाचणी लावून पत्रकाराला दिले की दुसऱ्या दिवशी दोघं खुलासा करायला येतात. एकदा तर दोन उत्तरांत आकडेच वेगळे आले, मग तर काय सणच.

सुवर्णसौधचं अधिवेशन म्हणजे काय असतं हे तू हायवेनं जाताना बघितलंच असशील, हलगा-बस्तवाडजवळ पोलीसच पोलीस, कोंडसकोप्पला आंदोलकांचे मंडप, गावातली लॉजं फुल, आणि म. ए. समितीचा (महाराष्ट्र एकीकरण समिती, सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणारी) महामेळावा होऊ द्यायचा की नाही ह्यावर पहिला दिवस. २०१२ ला ११ ऑक्टोबरला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा सांगितलेलं की उत्तर कर्नाटकाचे प्रश्न इथं सुटणार. दहाएक दिवस चालतं, आणि उत्तर कर्नाटकावरची चर्चा बऱ्याचदा शेवटच्या दोन दिवसांवर ढकलली जाते, तोपर्यंत निम्मे आमदार बॅगा भरून तयार. पण विरोधी आमदार जागा असेल तर तिथं पण तीच हत्यारं आहेत, 'चुक्के गुरुतिन प्रश्ने' म्हणजे आपला तारांकित, 'गमन सेळेयुव सूचने' म्हणजे लक्षवेधी, 'शून्य वेळे' म्हणजे झिरो अवर. मी मुद्दाम कन्नड शब्द लिहितोय, कारण आपली बरीच पोरं भाषेच्या अडचणीनं त्या वाटेला जातच नाहीत आणि आमदारांच्या पीएला कुठला कागद मागायचा हेच कळत नाही. मागायचा कागद कन्नडमध्येच मिळणार, तर मागताना त्याचं नाव पाठ असू दे, अभिमान वगैरे नंतर बघू.

भाषेचं निघालंच आहे तर, २०१३ ला समितीचे दोन आमदार होते, २०१८ ला एक नाही, २०२३ ला पण नाही. मग मराठीत कागद मिळायचा प्रश्न विधानसभेत कोण मांडणार असं लोक म्हणतात. ह्याचं रड मी पण रडलोय. पण घटनेच्या ३५०ब कलमाखाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक आयुक्त आहे, त्याचा अहवाल राष्ट्रपतींकडं जातो आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांत ठेवावा लागतो. जिथं अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ टक्के किंवा जास्त, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेत काढाव्यात हे त्या संरक्षणांमध्येच आहे. म्हणजे दिल्लीतला कुठल्याही मतदारसंघाचा, अगदी केरळचा खासदार सुद्धा विचारू शकतो की शेवटचा अहवाल कधी ठेवला, त्यात बेळगाव जिल्ह्याबद्दल काय लिहिलंय, राज्यानं त्यावर काय कळवलं. आम्ही एकदा आपल्या भागाशी काही संबंध नसलेल्या एका खासदाराकडनं असा प्रश्न लावलेला. इकडं बोर्डाला काळं फासणारे आणि पांढरं फासणारे दोघांना त्याचा पत्ता नव्हता, खात्यातल्या अधिकाऱ्यांना मात्र चांगलाच लागलेला. विधानसभेत पण २१० कलमाप्रमाणं ज्याला कन्नड, हिंदी, इंग्लिश नीट येत नाही त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात. परवानगी हा शब्द त्यात महत्त्वाचा, हे पण सांगून ठेवतो.

बॅरिस्टर नाथ पैंचं नाव घेतल्याशिवाय आमच्या पिढीचं उत्तर पुरं होत नाही. वेंगुर्ल्याचे, राजापूरनं १९५७, ६२, ६७ असं तीनदा निवडून गेलेले, प्रजासमाजवादी, म्हणजे कायम विरोधी बाकावर, आणि १८ जानेवारी १९७१ ला आपल्या बेळगावातच त्यांचं निधन झालं. लोक त्यांच्या वक्तृत्वाच्या गोष्टी सांगतात, ते आहेच, पण मला त्यांचं १९६७ चं खाजगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारानं आणलेलं, जास्त मोठं वाटतं. गोलकनाथ खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की संसदेला मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही, तर ह्या माणसानं विरोधी बाकावरनं घटनादुरुस्तीचं विधेयक आणलं की संसदेला तो अधिकार असला पाहिजे. संयुक्त समितीपर्यंत गेलं ते, पास नाही झालं. आणि ते गेल्यावर त्याच वर्षी सरकारनं २४ वी घटनादुरुस्ती केली, तिचा गाभा साधारण तोच. त्यांची भूमिका बरोबर का चूक ह्यावर वकील लोक अजून भांडतात, मी पण सगळा त्या बाजूचा नाही. पण एकट्या विरोधी खासदारानं सबंध संसदेला एका मुद्द्यावर चारेक वर्षं बोलायला लावलं हे बघ. खाजगी विधेयकं एरवी पासच होत नाहीत, स्वातंत्र्यापासनं १४ झालीत आणि शेवटचं १९७० चं.

आणि हे काम विरोधकांनीच करायचं असतं असंही नाही बरं का. १९५७ ला एलआयसीनं मुंधराच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास पैसे घातले ते प्रकरण बाहेर काढलं फिरोज गांधींनी, ते काँग्रेसचेच, सरकार काँग्रेसचं, पंतप्रधान त्यांचे सासरे. सुरुवात साध्या प्रश्नानं झाली, अर्थखात्याचं पहिलं उत्तर गोलमाल, मग तेच उत्तर पकडून सोलत सोलत नेलं, छागला आयोग बसला, १९५८ ला अर्थमंत्री कृष्णम्माचारींना जावं लागलं. गोलमाल उत्तर मिळालं की आपली पोरं नाराज होतात, खरं तर तोच दोरा असतो ओढायचा.

आता दंगा. तू म्हणतोस बोर्ड घेऊन नाचायलेत. मी ह्या बाबतीत जरा जुनाट आहे, माझं म्हणणं साहेबांना पण पटायचं नाही. साहेब म्हणायचे की अध्यक्ष चर्चाच देत नाहीत, स्थगन प्रस्ताव घेत नाहीत, मग वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांपुढच्या मोकळ्या जागेत, जायचं नाही तर काय भजन करायचं? त्यात तथ्य आहे. सरकारनं चर्चा टाळली की विरोधकाकडं आवाज सोडून काही राहत नाही, आणि २०१० चं हिवाळी अधिवेशन टूजी घोटाळ्याच्या चौकशीला संयुक्त संसदीय समिती (जेपीसी) पाहिजे म्हणून जवळजवळ पूर्ण वाहून गेलं तेव्हा आजचे सत्ताधारी वेलमध्ये होते, म्हणजे ह्यात सोवळं कुणी नाही. पण हिशोब बघ. सकाळी ११ ला दंगा, कामकाज १२ पर्यंत तहकूब, म्हणजे गेला कुठला तास तर प्रश्नोत्तराचा. तारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं तरी पटलावर येतात, पण उपप्रश्न गेले, चिठ्ठ्यांची पळापळ गेली, मंत्री गाडीत बसून निवांत. मी कितीतरी मंत्र्यांचे पीए बघितलेत, आपल्या साहेबांचा अवघड प्रश्न पहिल्या नंबरला लागलाय असं कळल्यावर सकाळी कँटीनमध्ये विचारत फिरायचे, आज दंगा आहे ना, आज दंगा आहे ना. ह्याच्यापेक्षा मोठा पुरावा काय देऊ. आणि दुसरीकडं सरकारनं पण २०२३ च्या डिसेंबरात दोन्ही सभागृहं मिळून १४६ खासदार निलंबित होऊ दिले, त्यांचे लावलेले प्रश्न यादीतनं काढले गेले, म्हणजे शिक्षा खासदाराला आणि उत्तर गेलं तुझं-माझं. माझं मत असं की ओरडायचं तर १२ नंतर ओरडा, अकराचा तास सोडू नका.

बजेटच्या वेळचं थोडक्यात सांगतो. खात्यांच्या मागण्यांवर कपात सूचना देता येते, मागणी कमी करून १ रुपयावर आणा अशी सूचना म्हणजे तुमचं धोरणच मान्य नाही, १०० रुपये कमी करा म्हणजे ही एक विशिष्ट तक्रार आहे. पास कधी होत नाही, वेळ संपली की उरलेल्या मागण्या गिलोटिननं एकदम मंजूर. लोकलेखा समिती मात्र जोरदार, १९६७ पासनं तिचा अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो, कॅगचे (सरकारी हिशेब तपासणारे महालेखापरीक्षक) अहवाल तिथं उघडतात. पण तिचं काम मागच्या वर्षांचं असतं, पैसे खर्च होऊन गेल्यावरचं.

एक वाईट बाजू पण सांगायलाच पाहिजे. प्रश्नाला किंमत आहे म्हटल्यावर प्रश्न विकत घेणारे पण येतात. २००५ ला पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात ११ खासदारांना काढून टाकलं, त्यात वेगवेगळ्या पक्षांचे होते. आमच्याकडं पण एक जण आलेला, बेळगावचाच, हातात कुंद्याचा डबा, दोन किलोचा. टाइप केलेला प्रश्न सोबत, अगदी व्यवस्थित, नियमात बसणारा, एका खाजगी कंपनीच्या परवान्याबद्दल. मी विचारलं हा प्रश्न कुणाला पडलाय. म्हणाला जनतेला. मी म्हटलं जनतेतल्या एकाची सही आण. परत आला नाही. कुंदा मात्र टेबलावर ठेवून गेला, तो आम्ही शिपायाला दिला आणि खरं सांगायचं तर त्यातला चमचाभर मी खाल्ला. तो प्रश्न पुढं दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं यादीत दिसला. म्हणून विरोधी खासदार प्रश्न विचारतोय म्हटलं की लगेच टाळ्या वाजवू नका, प्रश्न कुणाच्या कामाचा आहे ते पण बघा.

मग तू काय करायचं. खासदारांच्या ऑफिसला निवेदन देताना पाच पानं आणि शंभर सह्या नको, एक पान दे. वर खात्याचं नाव लिही, कारण लोकसभेत खात्यांचे गट पाडलेले असतात, ऊस म्हटलं की शेतीखातं वाटतं पण साखर आणि एफआरपी अन्न आणि ग्राहक व्यवहार खात्याकडं आहे, आणि चुकीच्या खात्याला प्रश्न गेला की तो इकडनं तिकडं फिरण्यात अधिवेशन संपतं. खाली कुठल्या कायद्यानं वा आदेशानं ती माहिती सरकारकडं असायलाच पाहिजे ते. मग गावातले एक-दोन खरे कागद, भाषण नको. एवढं दिलंस तर पीएला तो प्रश्न पाच मिनिटांत लिहिता येतो, आणि पीएला ज्याचं काम सोपं वाटतं त्याचाच प्रश्न आधी जातो, हे मी १९ वर्षं केलेलं पाप आहे म्हणून सांगतोय. हिवाळी अधिवेशन बहुतेक नोव्हेंबर अखेर किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला बसतं, नोटीस किमान १५ दिवस आधी, म्हणजे तुझ्या कारखान्याची मोळी पडायच्या आतच तुझं पान तिथं पोचायला पाहिजे.

मागच्या हंगामातल्या वजनाच्या पावत्या आणि बँकेत पैसे जमा झाल्याची एंट्री, दोन्ही शेजारी शेजारी ठेवून फोटो काढ, तारीख दिसली पाहिजे, तुमच्या गावच्या एकानं मागं पाठवलेल्या फोटोत तारखेवर नेमका अंगठा आलेला.